राज्यकर्त्याने काय करू नये : लाओ त्से, शरद जोशी आणि हिंगोलीचा मोंढा

'ताओ ते चिंग' हा ग्रंथ जेमतेम पाच हजार चिनी अक्षरांचा. त्याची प्रकरणे ८१ आहेत आणि त्यांतला बराच भाग राज्य कसे चालवावे याविषयी आहे. जगभर त्याची ख्याती गूढ अध्यात्माचे पुस्तक अशी झाली असली, तरी तो लिहिणाऱ्यापुढे बसलेला श्रोता बहुतेक वेळा राजा किंवा राजाचा सल्लागार असावा असे वाचताना जाणवते. परंपरेनुसार ग्रंथाचा कर्ता लाओ त्से हा इसवी सनापूर्वी सहाव्या शतकातला, कन्फ्यूशियसचा ज्येष्ठ समकालीन. आजचे बहुतेक अभ्यासक मात्र हे लेखन एका हातचे मानत नाहीत. १९९३ साली हुबेई प्रांतात क्वोत्येन येथील थडग्यात बांबूच्या पट्ट्यांवर लिहिलेला त्याचा काही भाग सापडला, तो इ.स.पू. ३०० च्या आसपासचा आहे. तो काळ चीनमध्ये आपसांत लढणाऱ्या राज्यांचा होता. राजे प्रजेची शिरगणती करत होते, सैन्य वाढवत होते आणि त्यासाठी कर वसूल करत होते.

अशा काळात या ग्रंथाने राजांना थांबायला सांगितले. मनाई जितकी वाढेल तितकी प्रजा गरीब होते, कायद्यांची गर्दी झाली की चोरांचीही होते, आणि वरचे लोक करातून फार खातात म्हणून खालचे उपाशी राहतात, असे त्याचे निदान आहे. मोठे राज्य चालवणे आणि लहान मासा शिजवणे यांची त्याने केलेली तुलना तर प्रसिद्धच आहे : सारखा उलथला तर मासा मोडतो. या विचाराच्या मध्यभागी 'वू-वेइ' ही कल्पना आहे. आळसाशी तिचा काही संबंध नाही. गोष्टी आपल्या स्वभावाने चालत असतील तर त्यांत जबरीने हात घालू नये, आणि करायचेच असेल तर असे करावे की केल्याची खूण उरू नये, असा तिचा आशय आहे. मराठी वाचकाला इथे गीतेतले अकर्म आठवेल. पण गीतेचा रोख कर्त्याच्या मनावर आहे, फळाची आसक्ती सुटली की नाही यावर; लाओ त्सेचा रोख राज्यकर्त्याच्या हातावर आहे.

मुक्त बाजारपेठेचे समर्थक या ग्रंथाकडे का वळले हे एवढ्यावरून कळते. मात्र त्याच ग्रंथात त्यांना अडचणीची ठरतील अशी प्रकरणेही आहेत. शहाणा राजा लोकांची पोटे भरलेली ठेवतो आणि मने रिकामी; दुर्मीळ वस्तूंना तो महत्त्व देत नाही, कारण त्यातून हाव आणि चोरी वाढते. आदर्श राज्य लहान आणि विरळ वस्तीचे असते. तिथे नावा आणि गाड्या असूनही कोणी वापरत नाही. शेजारच्या गावचा कोंबडा आरवलेला ऐकू येतो, पण जन्मभर कोणी त्या गावाला जात नाही. आणखी एके ठिकाणी म्हटले आहे की निसर्गाचा मार्ग जास्त असलेल्याकडून घेऊन कमी असलेल्याला देण्याचा आहे. व्यापार नको, इच्छा नकोत, वाटपात समानता हवी, असे सांगणाऱ्या पुस्तकाला भांडवलशाहीचा आद्य ग्रंथ म्हणायचे तर बरीच पाने झाकून ठेवावी लागतात.

या शिकवणुकीची प्रत्यक्ष राज्यकारभारात कसोटी लागली ती हान घराण्याच्या सुरुवातीच्या काळात. इ.स.पू. १९३ मध्ये छाओ शेन हा प्रधान झाला. आधीच्या प्रधानाने घालून दिलेले नियम त्याने जसेच्या तसे ठेवले. कोणी अधिकारी सुधारणेची सूचना घेऊन आला की तो त्याला मद्य पाजून परत पाठवी, अशी नोंद इतिहासकार स्झमा छ्येनने केली आहे. सम्राटाने तक्रार केली तेव्हा छाओ शेनने विचारले, आपण आपल्या वडिलांहून थोर आहात काय, आणि मी माझ्या पूर्वसुरींहून शहाणा आहे काय? दोन्हींचे उत्तर नाही असेल तर जे आहे ते चालू द्यावे. यापूर्वी एका प्रांताचा कारभार दुसऱ्याकडे सोपवताना तिथले तुरुंग आणि बाजार यांत ढवळाढवळ करू नको, असे त्याने बजावले होते. पुढे सम्राट वेन याच्या काळात जमीनमहसूल पंधराव्या हिश्श्यावरून तिसाव्या हिश्श्यावर आला आणि काही वर्षे तर तो पूर्ण माफ होता. कोठारे धान्याने भरून वाहत होती आणि खजिन्यातल्या नाण्यांच्या माळांचे दोर कुजून तुटत होते, असे त्या समृद्धीचे वर्णन आढळते.

पण या कथेला दुसरी बाजूही आहे. इ.स.पू. १७५ मध्ये सम्राट वेनने खासगी नाणी पाडायला परवानगी दिली. त्याचा मोठा लाभ वू प्रांताच्या मांडलिक राजाला झाला, कारण तांब्याचे डोंगर आणि समुद्राचे मीठ दोन्ही त्याच्या हद्दीत होते. त्या पैशाच्या बळावर इ.स.पू. १५४ मध्ये त्याने सात राज्यांच्या बंडाचे नेतृत्व केले. मोकळीक सर्वांना सारखी दिली तरी तिचा फायदा आधीच बलवान असलेल्याला जास्त होतो, हा आक्षेप त्यामुळे फार जुना म्हणावा लागतो. नंतरच्या सम्राट वू याने उलटी दिशा धरली. उत्तरेकडच्या टोळ्यांशी युद्धासाठी पैसा हवा म्हणून त्याने मीठ आणि लोखंड यांचा व्यापार सरकारी मक्तेदारीत आणला. इ.स.पू. ८१ मध्ये या मक्तेदारीवर दरबारात रीतसर वाद झाला. सरकारी कारखान्यांतली अवजारे ठिसूळ आणि महाग असतात, ती घ्यायला शेतकऱ्याला लांब जावे लागते, असे विरोधकांचे म्हणणे होते. हे विरोधक बहुतांशी कन्फ्यूशियसचे अनुयायी होते. सीमेच्या रक्षणाचा खर्च मग कुठून आणायचा, हा अधिकाऱ्यांचा प्रतिप्रश्नही बिनबुडाचा नव्हता. शेवटी मद्याची मक्तेदारी उठली. मीठ आणि लोखंड बहुतेक ठिकाणी सरकारकडेच राहिले.

बाजाराची बाजू त्या काळात सगळ्यांत स्पष्टपणे मांडली ती स्झमा छ्येनने, धनार्जन करणाऱ्यांवरील आपल्या प्रकरणात. त्याची सुरुवात तो लाओ त्सेच्या त्या शांत, व्यापारशून्य गावापासून करतो आणि लगेच सांगतो की हे आता शक्य नाही. माणसांच्या डोळ्यांना, कानांना आणि जिभेला गोडी लागलेली आहे. ती उपदेशाने सुटणार नाही. वस्तू स्वस्त झाली की ती महाग असेल तिकडे जाते, आणि हे पाणी उताराला लागावे तसे आपोआप होते, कोणी हुकूम द्यावा लागत नाही. राज्यकर्त्याने हात आवरावा हा निष्कर्ष त्याने लाओ त्सेकडून घेतला आणि इच्छा कमी कराव्यात ही अट सोडून दिली. आजचे बाजारवादी ज्याला ताओचा वारसा म्हणतात तो बराचसा स्झमा छ्येनने सुधारून घेतलेला वारसा आहे.

युरोपात अठराव्या शतकात अर्थशास्त्रज्ञ फ्रान्स्वा केने याने चीनच्या राज्यपद्धतीची स्तुती केली, पण त्याच्या १७६७ च्या लेखनाचा विषय चीनची एकतंत्री सत्ता हा होता. फ्रेंच अर्थशास्त्रज्ञांचे 'करू द्या, होऊ द्या' हे तत्त्व थेट वू-वेइतून आले असे कधीकधी सांगितले जाते, ते सिद्ध झालेले नाही. विसाव्या शतकात अमेरिकी अर्थशास्त्रज्ञ मरे रॉथबार्ड यांनी लाओ त्सेला पहिला स्वातंत्र्यवादी ठरवले. जानेवारी १९८८ मध्ये राष्ट्राध्यक्ष रोनाल्ड रेगन यांनी संसदेपुढच्या वार्षिक भाषणात लहान माशाचा दाखला दिला. १९९० च्या दशकात अर्थशास्त्रज्ञ जेम्स डॉर्न यांनी चीनने 'बाजार समाजवाद' सोडून 'बाजार ताओवाद' धरावा असा आग्रह मांडला. त्यांना हाताशी एक चांगले उदाहरण होते. १९७८ च्या अखेरीस आन्हुई प्रांतातल्या श्याओकांग गावच्या अठरा शेतकऱ्यांनी सामुदायिक शेती गुपचूप कुटुंबांत वाटून घेतली आणि तसा करार अंगठ्यांच्या ठशांनी पक्का केला. उत्पादन वाढले, आणि सरकारने ती पद्धत मोडून काढण्याऐवजी देशभर चालू दिली.

लाओ त्से आणि मुक्त बाजारवादी अर्थशास्त्रज्ञ फ्रिड्रिख हायेक यांच्यात खरे साम्य एकाच जागी आहे. हायेकने १९४५ च्या निबंधात दाखवले की अर्थव्यवस्था चालवायला लागणारे ज्ञान असंख्य माणसांत विखुरलेले असते आणि ते कोणत्याही मध्यवर्ती कचेरीत गोळा होऊ शकत नाही. किमती ते ज्ञान एकमेकांपर्यंत पोचवतात. वरच्याला खालचे सगळे कळत नाही, ही शंका दोघांची आहे. त्यापुढे वाटा फुटतात. हायेकच्या व्यवस्थेत इच्छा हे इंधन आहे, लाओ त्सेच्या व्यवस्थेत ते विष आहे.

लोकशाहीच्या बाबतीत ग्रंथ आणखी दुटप्पी आहे. सर्वोत्तम राजा असतो एवढेच लोकांना ठाऊक असते, आणि काम झाल्यावर हे आम्हीच केले असे त्यांना वाटते. ज्ञानी पुरुषाचे स्वतःचे ठरलेले मन नसते, तो लोकांचे मन आपले मानतो. लोकशाहीवाद्यांना ही प्रकरणे आवडतात. पण राजा तसा नसेल तर काय, याचे उत्तर ग्रंथात नाही. मतदान नाही, सभा नाही, तक्रारीची जागा नाही. तत्त्वज्ञ कार्ल पॉपरने म्हटल्याप्रमाणे राज्य कोणी करावे यापेक्षा वाईट राज्यकर्ता रक्तपाताविना कसा हटवावा हा प्रश्न महत्त्वाचा मानला, तर लाओ त्सेने तो विचारलेलाच नाही. त्यामुळेच कठोर दंडनीतीचा पुरस्कर्ता हान फेइ यालाही या ग्रंथावर भाष्य लिहिता आले : स्वतः निश्चल आणि अदृश्य राहून कायद्याच्या धाकाने सर्वांना हलवणारा राजा त्याने याच वचनांतून उभा केला. उलट टोकाला, चौथ्या शतकाच्या सुमारास पाओ चिंग-यान याने राजाच नको असे म्हटले. बलवानांनी दुबळ्यांना दाबले तेव्हा राजेपद जन्मले, असे त्याचे मत होते.

महाराष्ट्रात ताओ हे नाव सर्वांत जास्त तोंडांपर्यंत पोचले ते विनोबा भावे यांच्या सर्वधर्मप्रार्थनेतून. 'ॐ तत्सत्' ने सुरू होणाऱ्या त्या नाममालेत ईश्वराच्या नावांत ताओही आहे, आणि ती असंख्य शाळांत म्हटली गेली आहे. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात दिलेल्या गीता प्रवचनांत विनोबांनी अकर्माचा विचार विस्ताराने मांडला. सूर्य काही करत नाही तरी त्याच्या नुसत्या असण्याने सगळे होते, हा त्यांचा दृष्टांत वू-वेइच्या अगदी जवळचा आहे. भूदानानंतर ते राजनीतीऐवजी लोकनीती आणि शेवटी शासनमुक्त समाज यांविषयी बोलू लागले. महाराष्ट्रात १९६४ साली ग्रामदान कायदा झाला तो याच विचारधारेतून. लाओ त्सेचे लहान गाव आणि विनोबांचे ग्रामदानी गाव यांत एक फरक मात्र मोठा आहे : विनोबांच्या गावात ग्रामसभा होती. तरीही १९७५ मध्ये आणीबाणीच्या काळात त्यांच्या नावे 'अनुशासनपर्व' हा शब्द सत्तेच्या समर्थनार्थ फिरला, आणि तो आचार्यांच्या अनुशासनाबद्दल होता हा खुलासा त्या गदारोळात फारसा ऐकला गेला नाही. राज्यसत्तेकडे पाठ फिरवणारा विचार राज्यसत्तेला सोयीचा कसा ठरू शकतो, हे हान फेइनंतर पुन्हा एकदा दिसले.

सरकारने बाजूला व्हावे ही मागणी मराठी मुलखात रस्त्यावर आणली शरद जोशी यांनी. टपाल खात्यात आणि नंतर स्वित्झर्लंडमध्ये बर्न येथे जागतिक टपाल संघटनेत नोकरी करून ते १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात परतले आणि चाकणजवळ आंबेठाणला कोरडवाहू शेती करू लागले. त्यांची मांडणी ताओतून आली नव्हती. ती शेतीच्या जमाखर्चातून आली होती. निर्यातबंदी, लेव्ही, साठामर्यादा, जिल्हाबंदी अशा उपायांनी सरकार शेतमालाचे भाव पाडते, तेव्हा ज्याला अनुदान मिळते असे दिसते तो शेतकरी प्रत्यक्षात उणे सबसिडी भोगत असतो, असा त्यांचा सिद्धान्त होता. १९८० च्या नाशिकच्या ऊस-कांदा आंदोलनाने शेतकरी संघटना राज्यभर गेली. १९८४ चे अधिवेशन परभणीला झाले. हिंगोली तेव्हा परभणी जिल्ह्याचा भाग होते. पहिल्या काळात 'रास्त भाव' मागणारी संघटना १९९१ नंतर खुल्या बाजाराची उघड समर्थक झाली. टीकाकारांनी याला कोलांटउडी म्हटले. तसे म्हणणे पूर्ण खरे नाही, कारण सरकारची लूट थांबली की भाव मिळेलच, हे गृहीत दोन्ही टप्प्यांत सारखेच होते. ते गृहीत कुठवर टिकते हा मात्र खरा प्रश्न आहे.

१ मे १९९९ रोजी परभणीतून वेगळा झालेला हिंगोली जिल्हा या प्रश्नासाठी सोयीचा आहे, कारण तिथल्या तीन पिकांनी सरकारी हस्तक्षेपाची तीन वेगवेगळी रूपे पाहिली. कापूस हे पहिले. १९७२ पासून राज्यात एकाधिकार कापूस खरेदी योजना होती. शेतकऱ्याने कापूस सरकारच्याच यंत्रणेला विकायचा, खासगी व्यापाऱ्याला नाही. पडत्या भावात हा आधार होता. पण शेजारच्या राज्यात भाव चढा असला की तोच कापूस चोरून सीमेपार जाई, आणि स्वतःच्या शेतातला माल विकणारा माणूस कायद्याने गुन्हेगार ठरे. कायदे वाढले की चोर वाढतात या जुन्या निदानाला याहून नेमके उदाहरण शोधावे लागणार नाही. योजना तोट्यात रुतली आणि २००२ च्या सुमारास खासगी खरेदीला वाट मोकळी झाली.

दुसरे पीक सोयाबीन. त्याला किमान हमीभाव आहे : २०२४-२५ च्या हंगामासाठी क्विंटलला ४,८९२ रुपये. विक्रीची सक्ती कुठलीच नाही. तरी त्या हंगामात बाजारातला भाव हमीभावाच्या खाली राहिला, आणि खरेदी केंद्रावर माल द्यायचा तर दाण्यातला ओलावा १२ टक्क्यांच्या आत हवा ही अट होती. पुढे ती १५ टक्क्यांपर्यंत सैल केली गेली. काढणीला पाऊस लागलेल्या शेतकऱ्यासाठी कागदावरचा भाव आणि हातातला भाव यांमधले अंतर त्या टक्क्यांत होते.

तिसरे पीक हळद, आणि हिंगोली व वसमतच्या मोंढ्याची, म्हणजे शेतमालाच्या बाजारपेठेची, खरी ओळख तीच आहे. जमिनीत नऊ महिने राहणारे, मग शिजवणे, वाळवणे, पॉलिश करणे असे कष्ट मागणारे हे पीक हमीभावाच्या यादीत नाही. भाव ठरतो तो बिटात, म्हणजे मोंढ्यातल्या उघड लिलावात. २०२३ च्या उन्हाळ्याच्या सुरुवातीला वायदेबाजारात क्विंटलला सात हजारांच्या आसपास असलेली हळद ऑगस्टपर्यंत दुपटीच्या वर गेली. असा चढ येतो तसा उतारही येतो, आणि उतारात धरून ठेवणारा हात नसतो. जिल्ह्यातला सर्वांत मोकळा बाजार तो हा, असे म्हणता येईल.

तरी हा मोकळेपणा आपोआप उगवलेला नाही. पूर्वी सावकार किंवा दलाल हातरुमालाखाली बोटे दाबून भाव ठरवत आणि मापात मारत, ते थांबावे म्हणून नियंत्रित बाजार आले. शेजारच्या वऱ्हाडात कारंजा येथे १८८६ साली असा पहिला बाजार सुरू झाला, त्यात मँचेस्टरच्या गिरण्यांची गरजही होती. हिंगोली ज्या निजामी राज्यात होते तिथे १९३० च्या सुमारास शेतमाल बाजाराचा कायदा झाला, आणि नंतर महाराष्ट्राचा १९६३ चा कायदा आला. उघड बीट, तपासलेला काटा, परवानाधारक अडत्या, विक्रीच्याच दिवशी पैसे, हे सगळे नियम आहेत. भाव मुक्तपणे ठरावा म्हणून बाकी बरेच काही बांधून घ्यावे लागले. वसमतच्या हळदीला २०२४ साली मिळालेले भौगोलिक मानांकन आणि वसमतचे हळद संशोधन केंद्र हीही सरकारच्या हातची कामे आहेत. लाओ त्सेच्या चौकटीत या प्रकारच्या कृतीला जागा अवघडून मिळते. बाजार असाच असतो आणि राजाने फक्त त्याला हात लावू नये, असे तिथे धरलेले आहे.

शिवाय हे नियम कोण राबवणार हा लोकशाहीचा प्रश्न आहे. बाजार समिती निवडून येते, पण मते असतात प्रामुख्याने सेवा सहकारी संस्था आणि ग्रामपंचायती यांच्या सदस्यांना, तसेच व्यापारी-अडते आणि हमाल-मापाडी यांना. २०१७ मध्ये राज्य सरकारने किमान दहा गुंठे जमीन असलेल्या शेतकऱ्याला थेट मतदानाचा हक्क दिला. २०२० मध्ये पुढच्या सरकारने तो काढून जुनी पद्धत परत आणली. खर्च वाढतो हे त्यामागचे कारण सांगण्यात आले. तालुक्याच्या राजकारणात बाजार समितीचे वजन किती असते हे ज्याला माहीत आहे, त्याला दुसरी कारणेही सुचतील.

२०२० सालीच केंद्र सरकारने बाजार समितीच्या आवाराबाहेर, बाजार शुल्काशिवाय खरेदीविक्रीची मुभा देणारा कायदा आणला. ५ जूनला तो वटहुकमाच्या रूपात आला, आणि २० सप्टेंबरला राज्यसभेत गोंधळात आवाजी मतदानाने मंजूर झाला. शरद जोशींच्या विचाराने चालणाऱ्या शेतकरी संघटनेने सुधारणेला पाठिंबा दिला. पंजाब आणि हरियाणातल्या शेतकऱ्यांनी दिल्लीच्या सीमा वर्षभर अडवून धरल्या, कारण तिथे मंडी आणि हमीभावाची खरेदी हाच त्यांचा आधार होता. जानेवारी २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या कायद्याला आणि त्याच्या जोडीने आलेल्या कृषी कायद्यांना स्थगिती देऊन समिती नेमली. तिच्यात शेतकरी संघटनेचे अनिल घनवट होते. समितीने मार्चमध्ये अहवाल दिला. तो प्रसिद्ध झाला नाही, म्हणून घनवट यांनी मार्च २०२२ मध्ये तो स्वतः जाहीर केला. तोवर वाद संपलेला होता. १९ नोव्हेंबर २०२१ ला माघारीची घोषणा झाली आणि दहा दिवसांनी संसदेने चर्चेविना कायदे रद्द केले. वू-वेइचा अर्थ राज्याने मागे सरणे असा घेतला तर हे कायदे त्याच दिशेचे होते, पण ज्यांना मोकळीक द्यायची त्यांना न विचारता ती वरून आली. ते आम्हीच केले असे कोणत्याही शेतकऱ्याला वाटण्याचा प्रश्नच नव्हता.

२०२१ मध्येच, २० डिसेंबरला, महागाई आटोक्यात ठेवण्यासाठी सोयाबीन आणि हरभऱ्यासह सात शेतमालांचे वायदे बाजार नियामक सेबीने वर्षभरासाठी थांबवले, आणि ही बंदी नंतर वेळोवेळी वाढवली गेली. हिंगोलीच्या सोयाबीन उत्पादकाला पुढचा भाव काय असेल याचा अंदाज देणारा एक आकडा त्यामुळे नाहीसा झाला. हळदीचे वायदे चालू राहिले.